दोन साष्टी, दोन कौल

भाईंदरचे रेल्वे स्थानक ज्या बेटावर आहे त्याचे जुने नाव साष्टी. मीरा, काशी, घोडबंदर ही गावे त्याच बेटाच्या उत्तर टोकाची. गोव्यात मडगाव ज्या तालुक्यात येते त्याचेही नाव साष्टी. दोन्ही नावे सहासष्ट गावांवरून पडली असे मानतात, आणि दोन्हींवर पोर्तुगीजांचा अंमल होता. आमची उत्तरेकडची साष्टी मराठ्यांनी १७३७ मध्ये घेतली आणि १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी आप्पांच्या फौजेपुढे वसईचा किल्ला पडला. दक्षिणेकडची साष्टी १९ डिसेंबर १९६१ पर्यंत पोर्तुगालच्या ताब्यात राहिली. मधल्या सव्वादोनशे वर्षांचा हिशेब आजही चुकता होतो आहे, आणि तोही इंग्लंडमध्ये.

मुक्तीपूर्वी गोवा, दमण किंवा दीवमध्ये जन्मलेल्या माणसाला आणि त्याच्या मुला-नातवंडांना लिस्बनमध्ये जन्मनोंद करून पोर्तुगीज नागरिकत्व मिळवता येते. पोर्तुगालचा पासपोर्ट हा युरोपीय संघाचा पासपोर्ट असल्यामुळे त्याच्या आधारे गोव्याची अनेक कुटुंबे इंग्लंडमध्ये गेली आणि स्विंडनसारख्या गावांत स्थिरावली. २३ जून २०१६ रोजी ब्रिटनने युरोपीय संघात राहायचे की बाहेर पडायचे यावर सार्वमत घेतले, तेव्हा स्विंडनमध्ये बाहेर पडण्याच्या बाजूने ६१,७४५ आणि राहण्याच्या बाजूने ५१,२२० मते पडली. ज्यांचे तिथले राहणेच या प्रश्नावर अवलंबून होते, त्या पोर्तुगीज पासपोर्टवाल्या गोवेकरांचे मत या दोन्ही आकड्यांत नाही. त्यांना मताधिकारच नव्हता.

हे कायद्यात लिहिलेले आहे. ब्रिटिश संसदेने २०१५ मध्ये केलेल्या सार्वमताच्या कायद्याचे दुसरे कलम मतदार ठरवते. संसदेच्या निवडणुकीत ज्याला मत आहे त्याला इथेही मत, हे त्याचे सूत्र. ब्रिटनमध्ये राहणाऱ्या ब्रिटिश, आयरिश आणि राष्ट्रकुलातल्या देशांच्या नागरिकांना त्यामुळे मत मिळाले, आणि भारत राष्ट्रकुलात आहे. म्हणजे मीरा रोडहून नोकरीच्या व्हिसावर गेलेला, भारतीय पासपोर्ट बाळगणारा माणूस लंडनच्या मतदारयादीत असेल, तर ब्रिटनने युरोपात राहावे की नाही हे तो ठरवू शकत होता. मडगावहून गेलेला, त्याच्याच कारखान्यात त्याच्याच पाळीत काम करणारा, पण पोर्तुगीज पासपोर्ट घेतलेला माणूस ते ठरवू शकत नव्हता. दोघांच्याही वडिलांचे गाव साष्टीतच असू शकते.

ब्रेक्झिटच्या राजकीय परिणामांवर आपल्याकडे जे वाद झाले त्यांत एक गोष्ट फारशी कोणी काढली नाही. असा थेट कौल भारतानेही एकदा घेतला होता. तो आपल्या शेजारी घेतला गेला, आपल्या राज्याच्या नावाने घेतला गेला, आणि त्यात महाराष्ट्र हरला. १६ जानेवारी १९६७ चा गोव्याचा जनमत कौल. त्याचा कायदा, त्याचे निकालपत्रक आणि त्याच्या आगेमागे झालेल्या दोन विधानसभा निवडणुकांचे आकडे उपलब्ध आहेत. ही कागदपत्रे २०१५ च्या ब्रिटिश कायद्याशेजारी ठेवून वाचली, की एक कौल का पचला आणि दुसरा का पचला नाही हे बरेचसे उलगडते.

आधी कायदा पाहू. गोवा, दमण आणि दीव जनमत कौल कायदा संसदेने डिसेंबर १९६६ मध्ये केला. त्याच्या मथळ्यातच उद्देश आहे: या प्रदेशाच्या भावी दर्जाबद्दल मतदारांची इच्छा जाणून घेणे. गोव्याला विचारलेला प्रश्न एकच होता. महाराष्ट्रात विलीन व्हायचे, की केंद्रशासित प्रदेश म्हणून राहायचे? दमण आणि दीवला महाराष्ट्राच्या जागी गुजरात घालून तोच प्रश्न विचारला गेला. मतपत्रिकेवर विलीनीकरणासाठी फूल हे चिन्ह होते आणि संघप्रदेशासाठी दोन पाने. जुनी माणसे आजही त्या कौलाला फूल आणि 'दोन पानां' याच नावांनी ओळखतात.

'इच्छा जाणून घेणे' हे शब्द तोलूनमापून वापरलेले आहेत. विलीनीकरणाच्या बाजूने कौल गेला असता तरी गोवा दुसऱ्या दिवशी महाराष्ट्रात आला नसता. घटनेच्या तिसऱ्या कलमाखाली संसदेला वेगळा कायदा करावा लागला असता. ब्रिटनच्या कायद्यातही निकाल अमलात आणण्याची सक्ती नव्हती. २०११ मध्ये मतदानपद्धतीवर तिथे जे सार्वमत झाले, त्याच्या कायद्यात निकाल लागल्यावर सरकारने काय करायचे ते लिहिले होते. २०१५ च्या कायद्यात ते नव्हते, आणि नेमक्या याच फरकावर २४ जानेवारी २०१७ रोजी ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने आठ विरुद्ध तीन मतांनी बोट ठेवले: संघातून बाहेर पडण्याची नोटीस द्यायची तर आधी संसदेचा कायदा हवा. इथवर दोन्ही कौल सारखेच, सल्लावजा.

फरक पुढे आहे. गोव्याच्या मतपत्रिकेवरच्या दोन्ही पर्यायांना आकार होता. केंद्रशासित प्रदेश कसा असतो हे गोवेकर चार-पाच वर्षे पाहत होते. महाराष्ट्र हे जवळजवळ सात वर्षे नांदत असलेले राज्य होते. त्याचे कायदे छापलेले होते, त्याची दारूबंदी सर्वांना ठाऊक होती, त्याचे मुख्यमंत्री वसंतराव नाईक होते. फुलावर शिक्का मारला तर कोणते राज्य मिळते हे मतदाराला कळत होते. ब्रिटनच्या मतपत्रिकेवर 'बाहेर पडणे' एवढेच होते. बाहेर पडून कुठे, हे कोणत्याच कागदावर नव्हते. सामायिक बाजारपेठेत राहून बाहेर, की जकातसंघात राहून, की सगळेच तोडून? उत्तर आयर्लंड आणि आयर्लंड प्रजासत्ताक यांच्यातल्या सीमेचे काय? हे प्रश्न मत दिल्यावर उभे राहिले. २७ मार्च २०१९ रोजी, सार्वमतानंतर पावणेतीन वर्षांनी, ब्रिटिश कनिष्ठ सभागृहाने आठ वेगवेगळ्या पर्यायांवर मतदान घेतले. आठांपैकी एकालाही बहुमत मिळाले नाही. त्याआधी १५ जानेवारीला पंतप्रधान थेरेसा मे यांनी आणलेला करार ४३२ विरुद्ध २०२ मतांनी फेटाळला गेला होता. १ कोटी ७४ लाख लोकांनी ज्या शब्दावर शिक्का मारला, त्याचा अर्थ त्यांच्याच प्रतिनिधींना लावता येत नव्हता.

दुसरा फरक सत्तेच्या खुर्चीचा. १९६३ च्या डिसेंबरात गोव्याची पहिली विधानसभा निवडणूक झाली. दयानंद बांदोडकरांचा महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष सत्तेवर आला, जॅक सिक्वेरांच्या युनायटेड गोवन्स पक्षाला १२ जागा मिळाल्या आणि प्रत्यक्ष गोव्याच्या भूमीवर काँग्रेसला एकही जागा मिळाली नाही. मगोने हा विलीनीकरणाचाच कौल मानला आणि १९६५ च्या जानेवारीत विधानसभेने तसा ठरावही केला. विरोधकांचे म्हणणे होते की सरकार निवडणे आणि आपला प्रदेश मिटवणे हे दोन वेगळे निर्णय आहेत, दुसरा निर्णय लोकांना थेट विचारूनच व्हायला हवा. दिल्लीत हे म्हणणे लावून धरणाऱ्यांत काँग्रेसचे पुरुषोत्तम काकोडकरही होते. ते मान्य झाले. मग सिक्वेरांनी दुसरी मागणी केली: विलीनीकरणवादी सरकार गादीवर असताना निःपक्ष कौल होणार नाही. १९६६ च्या डिसेंबरात बांदोडकरांचे मंत्रिमंडळ पायउतार झाले, राष्ट्रपती राजवट आली, आणि तिच्या देखरेखीखाली मतदान झाले.

हा राजीनामा मला या सगळ्या प्रकरणातला सर्वांत मोलाचा कागद वाटतो. ब्रिटनमध्ये सरकार खुर्चीवर राहिले आणि स्वतःच वादातला पक्षकार झाले. एप्रिल २०१६ मध्ये सरकारी खर्चाने, सुमारे ९३ लाख पौंड घालून, राहण्याची बाजू मांडणारे पत्रक घरोघर पाठवले गेले. त्याच मंत्रिमंडळातले न्यायमंत्री मायकेल गोव्ह बाहेर पडण्याच्या बाजूने प्रचार करत होते. निकाल लागल्यावर २४ जूनला पंतप्रधान डेव्हिड कॅमेरन यांनी राजीनामा जाहीर केला आणि निकाल राबवण्याचे काम, तो निकाल नको असलेल्या थेरेसा मे यांच्याकडे आले. गोव्यात खुर्ची कौलाआधी रिकामी झाली, ब्रिटनमध्ये नंतर.

गोव्यातला प्रचार सौम्य मुळीच नव्हता. महाराष्ट्रातून नेते, वक्ते, शाहीर गेले. आचार्य अत्र्यांच्या 'मराठा'ने विलीनीकरणाची बाजू लावून धरली. पणजीच्या 'गोमन्तक'ची भूमिकाही तीच. विरुद्ध बाजूला मडगावचे 'राष्ट्रमत' होते. चंद्रकांत केणी त्याचे संपादक, आणि उदय भेंब्रे त्यात 'ब्रह्मास्त्र' हे सदर लिहीत. राष्ट्रमत मराठी दैनिक होते. गोव्याचे वेगळेपण टिकवण्याची लढाई ज्या वृत्तपत्राने सर्वांत धारेने लढवली, ते मराठीत निघत होते. गोव्याचा कौल म्हणजे मराठीचा पराभव, असे महाराष्ट्रात माझ्या पिढीला शिकवले गेले. राष्ट्रमत हातात घेतले की ते शिकवणे टिकत नाही. गोव्याचा हिंदू वाचक मराठीत वाचत होता आणि मराठीतच महाराष्ट्राला नकार देत होता.

त्याची कारणे कागदांवर दिसतात. सरकारी नोकऱ्या मुंबईहून भरल्या जातील ही भीती होती. एका मोठ्या राज्याचा टोकाचा जिल्हा होण्याची भीती होती. महाराष्ट्रात १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा लागू होता, आणि गोव्यात माडाची सूर काढणारे रेंदेर आणि फेणी गाळणारे यांचे पोट त्यावर होते. दुसऱ्या बाजूचीही कारणे तितकीच खरी होती. कुळे आणि मुंडकार (जमीनदाराच्या जागेत घर करून राहणारे) यांना भाटकाराच्या, म्हणजे जमीनदाराच्या, जाचातून सुटका हवी होती. महाराष्ट्रात कूळकायदा रुजला होता. बांदोडकर सरकारने १९६४ मध्ये गोव्यात कूळकायदा आणला, गावोगाव मराठी प्राथमिक शाळा काढल्या, आणि बहुजन समाजाला प्रथमच हे राज्य आपले वाटले. त्या माणसाच्या लेखी महाराष्ट्र म्हणजे भाटकारावरचा वचक. त्याचे फुलावरचे मत भाबडे होते असे जे म्हणतात, ते त्याच्यावर अन्याय करतात.

आता निकालपत्रक. गोव्यात मतदार ३,८८,४३२. मतदान ३,१७,६३३ जणांनी केले, म्हणजे शेकडा ८१ हून अधिक. दोन पानांना १,७२,१९१ मते आणि फुलाला १,३८,१७०. फरक ३४,०२१. उरलेली ७,२७२ मते या बेरजेत बसत नाहीत, ती बाद. वैध मतांत दोन पानांचा वाटा साडेपंचावन्न टक्के, फुलाचा साडेचव्वेचाळीस. दमण आणि दीवनेही केंद्रशासित राहणेच पसंत केले.

या आकड्यांवरून त्या काळी आणि नंतरही एक सोपा निष्कर्ष काढला गेला: ख्रिस्ती दोन पानांकडे, हिंदू फुलाकडे. तो तपासून पाहता येतो. तेव्हाच्या गोव्यात हिंदू सुमारे तीन पंचमांश होते आणि ख्रिस्ती दोन पंचमांशांहून थोडे कमी. लोकसंख्येतले प्रमाण मतदारयादीत तंतोतंत उतरते असे नाही, पण फार दूरही जात नाही. झाडून सारे ख्रिस्ती मतदार दोन पानांकडे गेले असे धरले तरी आकडा चाळिशीच्या आतच थांबतो. साडेपंचावन्नपर्यंत जायला हजारो हिंदूंची मते लागतात. ती पडली म्हणूनच कौल असा लागला. पेडणे, डिचोली, सत्तरी, फोंडा या नव्या काबिजादीतल्या, म्हणजे पोर्तुगीजांनी नंतर जिंकलेल्या, तालुक्यांत फुलाचा जोर होता आणि साष्टीसारख्या जुन्या काबिजादीत दोन पानांचा, हेही खरेच. पण तालुक्याचा रंग म्हणजे त्यातल्या प्रत्येक घराचा रंग नव्हे. ब्रिटनच्या नकाशातही स्कॉटलंडने ६२ टक्क्यांनी राहण्याच्या बाजूने आणि इंग्लंडने ५३ टक्क्यांहून अधिक बाहेर पडण्याच्या बाजूने मत दिले, आणि त्या दोन रंगांखाली दोन्हीकडची लाखो अल्पमते झाकली गेली.

मताधिकाराच्या बाबतीत मात्र गोव्याचा कौलही निर्दोष नव्हता, हे आवर्जून सांगितले पाहिजे. गोव्याबाहेर राहणाऱ्या गोवेकरांना मत द्यावे ही संघप्रदेशवाद्यांची मागणी मान्य झाली नाही. मुंबईत धोबीतलावच्या कुडींमध्ये, म्हणजे गावकऱ्यांच्या सामायिक खोल्यांत, राहणारे, बोटीवर नोकरी करणारे, घरी मनिऑर्डर पाठवून गाव चालवणारे हजारो लोक मतदारयादीबाहेर राहिले. पन्नास वर्षांनी त्यांच्यातल्याच काहींची नातवंडे स्विंडनमध्ये, दुसऱ्या एका कौलात, पुन्हा यादीबाहेर राहिली. पोटापाण्यासाठी गाव सोडणाऱ्याचे मत नेमके तेव्हाच मोजायचे राहून जाते, जेव्हा त्याच्या गावाचा किंवा त्याच्या आसऱ्याचा निकाल लागायचा असतो.

आणि तरीही गोव्याचा कौल पचला. सव्वादोन महिन्यांनी, २८ मार्च १९६७ रोजी, विधानसभेची निवडणूक झाली. कौल हरलेल्या मगोला ३० पैकी १६ जागा मिळाल्या, कौल जिंकलेल्या युनायटेड गोवन्सला १२. एप्रिलमध्ये बांदोडकर पुन्हा मुख्यमंत्री झाले. गोव्याच्या मतदाराने जानेवारीत विलीनीकरण नाकारले आणि मार्चमध्ये विलीनीकरणवादी पक्षाला निवडले. याला कोणी चंचलपणा म्हणेल. मला यात लख्ख समज दिसते. प्रदेश कोणाचा आणि सरकार कोणाचे हे दोन प्रश्न आहेत असे विरोधक १९६३ पासून सांगत होते, आणि मतदाराने ते शब्दशः खरे करून दाखवले. भाऊसाहेब बांदोडकरांनीही विलीनीकरणाची मागणी बाजूला ठेवली आणि जे राज्य त्यांना नको होते ते चालवले. हरलेल्याला जागा उरली, म्हणून जिंकलेल्याचा निकाल टिकला. ब्रिटनमध्ये ८ जून २०१७ च्या निवडणुकीने थेरेसा मे यांचे बहुमतच घालवले. १२ डिसेंबर २०१९ च्या निवडणुकीपर्यंत कोंडी सुटली नाही, आणि ३१ जानेवारी २०२० रोजी ब्रिटन बाहेर पडले तेव्हा सार्वमताला साडेतीन वर्षे उलटून गेली होती.

गोव्याच्या कौलाने सारेच मिटवले नाही. मतपत्रिकेवर भाषेबद्दल अवाक्षर नव्हते. कोकणी की मराठी हा प्रश्न दोन्ही बाजूंच्या सभांत गाजला, पण शिक्का कोणी त्यावर मारला नव्हता. जिंकलेल्यांपैकी अनेकांनी तो कोकणीचा कौल मानला, हरलेल्यांनी मानला नाही, आणि १९८० च्या दशकात तो वाद रस्त्यावर आला. माणसे प्राणांना मुकली. फेब्रुवारी १९८७ मध्ये राजभाषा कायदा झाला. कोकणी राजभाषा झाली आणि मराठीलाही सरकारी कामकाजात वापराची मुभा मिळाली. त्याच वर्षी ३० मे रोजी गोवा राज्य झाले, जो पर्याय १९६७ च्या मतपत्रिकेवर नव्हताच. ब्रिटनमध्येही न विचारलेला प्रश्नच सर्वांत जास्त छळत राहिला, उत्तर आयर्लंडच्या सीमेचा.

ज्या हिवाळ्यात गोव्याला विचारले गेले, त्याच हिवाळ्यात बेळगाव महाराष्ट्राचे की म्हैसूरचे हा सीमाप्रश्न महाजन आयोगाकडे होता. तो आयोग ऑक्टोबर १९६६ मध्ये नेमला गेला. बेळगाव, खानापूर, निपाणीच्या लोकांना मतपत्रिका मिळाली नाही, आणि तो वाद आजही सर्वोच्च न्यायालयात आहे. गोव्यात हरल्याचे दुःख महाराष्ट्राने पुष्कळ उगाळले. बेळगावला निदान हरण्याची तरी संधी मिळायला हवी होती, असे मला मनापासून वाटते.

आमच्या साष्टीत असा प्रश्न कधी छापला गेला नाही. ग्रामपंचायती मिळून १९८५ मध्ये मीरा-भाईंदर नगरपरिषद झाली, २००२ मध्ये महापालिका. खाडीपलीकडे वसई-विरार महापालिका २००९ मध्ये झाली, तेव्हा तिथल्या गावांनी आम्हाला वगळा म्हणून आंदोलन उभारले. २०११ मध्ये २९ गावे वगळण्याची अधिसूचना निघाली, आणि प्रकरण न्यायालयात वर्षानुवर्षे अडकले. तिथेही गावकऱ्यांच्या हाती मतपत्रिका कोणी दिली नाही.

गोव्यात १६ जानेवारी हा अस्मिताय दीस म्हणून पाळतात. त्या दिवशी सिक्वेरांचे नाव घेतले जाते, आणि ते घेतलेच पाहिजे. त्यांच्या शेजारी बांदोडकरांचेही घ्यावे. १२ ऑगस्ट १९७३ रोजी भाऊसाहेब वारले, तेव्हा ते वेगळ्या राहिलेल्या गोव्याचे मुख्यमंत्री होते.